सीए सुटलं, आता पिस्तूल कुठलं घ्यायचं?

सगळ्यात आधी अभिनंदन. अकराव्या अटेम्प्टला फायनल सुटणं म्हणजे काय असतं ते मला जवळून माहितीये, माझा धाकटा दीर सहाव्याला कंटाळून सोडून बसला, आणि अजूनही जुलैमधे रिझल्टच्या बातम्या आल्या की उठून गॅलरीत जातो. त्यामुळे स्वतःला काहीतरी चांगलं द्यावंसं वाटणं अगदी बरोबर आहे, "कशाला एवढे पैसे" वगैरे मी म्हणणार नाही.

तुमचा प्रश्न परत एकदा मांडते म्हणजे मला नीट कळलाय का ते बघता येईल. वय ३७, नाशिकला असता, दीड वर्ष क्लबात १० मीटर एअर पिस्तूल करताय, तेही क्लबच्याच पिस्तुलावर, ६० शॉटला ६०० पैकी अ‍ॅव्हरेज ५४५ आणि बेस्ट ५५३. अडीच लाख बाजूला काढलेत. मॉरिनी घ्यावं की स्टायर, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर की मेकॅनिकल, आणि त्यावर नाव आणि रिझल्टची तारीख कोरून घ्यावी का. शिवाय सासरे म्हणतायत की ही छर्‍यांची खेळणी कशाला, लायसन काढा आणि खरी पॉइंट ३२ रिव्हॉल्वर घ्या, सीए माणसाला शोभेल अशी.

आता मी जरा उलटं बोलते. मॉरिनी की स्टायर हा तुमचा खरा प्रश्न नाहीये. तुम्ही एकाच पैशात दोन वस्तू घ्यायला निघालाय, एक आठवण म्हणून आणि एक वापरायला. आठवणीची वस्तू सारखी बघावीशी वाटली पाहिजे, आणि पिस्तूल चांगलं असेल तर लेनवर उभं राहिल्यावर ते हातात आहे हेच विसरायला झालं पाहिजे. दोन्ही एकात जमतं, पण तुम्ही आधी कुठलं बघताय त्यावर चुकीचं पिस्तूल घरी येऊ शकतं. माझ्या घरी आलं होतं, ते पुढे सांगते.

सासर्‍यांचं आधी संपवू. पॉइंट ३२ च्या रिव्हॉल्वरला लायसन लागतं, ते जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडून मिळतं, आणि अर्जात कारण द्यावं लागतं. जिवाला धोका आहे हे कारण होऊ शकतं, नेमबाजी हे पण होऊ शकतं, "सीए झालो" हे होत नाही. पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे सगळं होऊन मिळालं तरी गोळ्यांना मर्यादा, त्यामुळे महिन्यातून चार दिवस मनसोक्त प्रॅक्टिस करू असं काही होत नाही, ती कपाटात बसून राहते. आणि ती बसून राहते म्हणजे नुसती बसत नाही, घरात मुलं आहेत, कामवाल्या मावशी आहेत, तिची जबाबदारी रोजची. कुणी म्हणालं की लग्नात, वाढदिवसाला हवेत एक बार काढू, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून असल्या आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. सासर्‍यांना हे सांगा, आणि हेही सांगा की मनू भाकरने २०२४ ला पॅरिसमधे दोन ब्राँझ आणली ती या "खेळण्यावरच".

एअर पिस्तुलाचं तसं नाही. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूलच्या आत ताकद असेल तर लायसन लागत नाही. आपलं मॅच पिस्तूल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास फेकतं, म्हणजे हिशेब केला तर जेमतेम साडेपाच जूल. बिल मात्र जपून ठेवा, आणि त्याची एक कॉपी पिस्तुलाच्या केसमधे कायम असू द्या, एसटी स्टँडवर किंवा रेल्वेत बॅग उघडून दाखवायची वेळ आली तर वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं. आणि साडेपाच जूल म्हणजे काहीच नाही असं समजू नका, डोळा जायला तेवढं पुरतं.

आता पिस्तूल. तुम्ही सीए आहात, म्हणून आकड्यांपासूनच सुरू करू. ५४५ म्हणजे शॉटमागे ९.०८. दहाची रिंग साडेअकरा मिलिमीटरची. क्लबमधलं ते जुनं, रंग उडालेलं पिस्तूल जर शिकंजात पकडून त्याच छर्‍यांनी मारलं तर बहुतेक वेळा सगळे छर्रे दहाच्या आतच, एकमेकांना खेटून जातील. म्हणजे ६०० मधले जे ५५ मार्क जातायत ते पिस्तूल खात नाहीये. हे ऐकायला वाईट वाटतं पण खरेदीच्या आधी ऐकलेलं बरं, नाहीतर अडीच लाख घालून पहिल्या मॅचला परत ५४४ आले की माणूस पिस्तुलावर चिडतो. माझ्याकडे शिकणार्‍यांमधे असे दोन जण होऊन गेलेत, एकाने तर आठ महिन्यांत विकून दुसर्‍या कंपनीचं घेतलं आणि स्कोअर तिथेच.

मग स्वतःचं पिस्तूल घेऊन फरक पडतो का? पडतो. माझ्या अनुभवात तुमच्या लेव्हलला पाच ते दहा मार्कांचा, कधी जास्त कधी काहीच नाही, आणि तो सगळा दोन गोष्टींतून येतो, ग्रिप आणि ट्रिगर. क्लबचं पिस्तूल रोज सहा वेगवेगळ्या हातांत जातं, त्यामुळे ग्रिप कुणाचीच नसते आणि ट्रिगर आदल्या दिवशी कुणी फिरवला ते कळत नाही. स्वतःचं असलं की हात रोज त्याच जागी बसतो, बोट रोज त्याच ठिकाणी दाबतं. बॅरल, अ‍ॅब्सॉर्बर, कंपेन्सेटर, कार्बन फायबर, या सगळ्याचा नंबर नंतरचा. आज जी पाच-सहा नावं जगभर वापरतात, स्वित्झर्लंडचं मॉरिनी, ऑस्ट्रियाचं स्टायर, जर्मनीची वाल्थर आणि फाइनवेर्कबाउ, इटलीचं पार्दिनी, यातलं कुठलंही तुमच्यापेक्षा चांगलं मारतं. माझ्यापेक्षाही. तेव्हा "सगळ्यात चांगलं कुठलं" याला उत्तर नाही, "माझ्या हातात कुठलं बसतं" याला आहे.

आता माझी गोष्ट. मला पहिलं स्टेटचं मेडल मिळालं तेव्हा नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती, साठवलेले सगळे पैसे काढले आणि सीनियर मुली जे वापरायच्या तेच मॉडेल घ्यायचं ठरवलं. ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडे लार्ज ग्रिपच शिल्लक होती, तो म्हणाला ताई थोडं घासलं की बसते, सगळे असंच करतात. माझा हात स्मॉल आणि मीडियमच्या मधला. पण पिस्तूल इतकं सुंदर दिसत होतं की मी हो म्हणाले, खोटं कशाला बोलू, मी ते त्या रात्री उशाशी घेऊन झोपले होते. तेव्हा बायकांना ४० शॉटच असायचे (६० झाले २०१८ पासून), माझं अ‍ॅव्हरेज क्लबच्या पिस्तुलावर ३७२ होतं ते नव्या कोर्‍या पिस्तुलावर ३६६ वर आलं आणि सात-आठ महिने तिथेच अडकलं. ग्रिप मोठी असली की काय होतं, तर ट्रिगरपर्यंत बोट पोचवायला हात आतल्या बाजूला फिरवावा लागतो, मग मनगट सरळ राहत नाही, फोरसाइट (नळीच्या टोकावरची माशी) सारखी एका बाजूला जाते, ती मधे आणायला तुम्ही मनगटाने ढकलता, आणि शॉट सुटताना ते ढकलणं सैल पडतं. टार्गेटवर बघाल तर साडेआठ-नऊवाले सगळे एकाच बाजूला. मी मात्र ट्रिगर खराब आहे, छर्रे खराब आहेत, लाइट खराब आहे असं सगळं करून झाल्यावर एका जुन्या सरांनी माझा हात बघितला आणि म्हणाले, अगं तू दादाचा शर्ट घालून आलीयेस. मग घासायला घेतलं, जास्त घासलं, एम-सील लावून भरलं, परत घासलं, शेवटी ते अक्रोडाचं सुंदर लाकूड मातीच्या गोळ्यासारखं दिसायला लागलं आणि मी गुपचूप योग्य मापाची ग्रिप मागवली. ती येईपर्यंत तीन महिने परत क्लबच्या पिस्तुलावर.

म्हणून माप. उजव्या हाताचं की डाव्या हे तर झालंच, पण एक्स्ट्रा स्मॉलपासून लार्जपर्यंत सायझेस असतात आणि प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा असतो. हातात घेतल्यावर बघायचं ते असं: डोळे मिटून पिस्तूल उचला, नेहमीसारखं उभं राहून टार्गेटकडे न्या, आणि मग डोळे उघडा. फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत आपोआप जवळपास मधे आणि सपाट असेल तर ग्रिप तुमची आहे. दर वेळी एकाच बाजूला गेली तर नाही. दहा वेळा करा, एकदा नीट आलं म्हणून खूश होऊ नका. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर बसलं पाहिजे आणि बोटाची बाकीची बाजू लाकडाला टेकायला नको, म्हणजे दाबताना ग्रिप ढकलली जात नाही. तळव्याखालची फळी, जी वरखाली होते, ती हाताला नुसती टेकली पाहिजे, आवळायची नाही, नवीन लोक ती इतकी वर घेतात की बोटांत मुंग्या येतात. आणि हात धुवून ओला असताना पण एकदा पकडून बघा, नाशिकचं ठीक आहे पण वरळीला मे महिन्यात मॅच पडली तर घामाने सगळं बदलतं. स्टायर आणि फाइनवेर्कबाउच्या ग्रिपचा कोन स्क्रूने बदलता येतो, ज्यांचं मनगट वेगळ्या कोनात आरामात राहतं त्यांना हे फार सोयीचं. मॉरिनीच्या ग्रिपची मूळ घडणच अशी आहे की खूप जणांना ती घासाघीस न करता बसते. पण खूप जणांना म्हणजे तुम्हाला असं नाही.

वजनाचा पण विचार करा, हे सहसा कुणी सांगत नाही. नियमात जास्तीत जास्त दीड किलो चालतं, बहुतेक मॅच पिस्तुलं किलोच्या आसपास. ६० शॉट म्हणजे ६० वेळा उचलणं नसतं, आधी साइटर (मार्कात न धरले जाणारे सरावाचे शॉट) असतात, होल्ड बसला नाही, म्हणजे हात स्थिरावला नाही, की खाली घेतो, सव्वा-दीड तासात शंभर-सव्वाशे वेळा तरी हात वर जातो. तुम्ही दिवसभर खुर्चीत बसून काम करणार, ३७ वय, खांद्याचा व्यायाम करत असाल तर ठीक, नसाल तर छोट्या बॅरलचं, हलकं मॉडेल मागून बघा. वजन नंतर वाढवता येतं, छोटे वेट लावून, कमी करता येत नाही. क्लबमधे पिस्तूल ट्राय करताना लोक पाच शॉट मारतात आणि म्हणतात वा काय बॅलन्स आहे. पाच शॉटला सगळ्यांचाच बॅलन्स छान. चाळिसावा शॉट काय म्हणतो ते विचारा.

इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल. नियमाने ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं, मॅचच्या आधी वजन टांगून तपासतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक घेतलं म्हणून हलका ट्रिगर मिळेल असं नाही, दोघांनाही तेच. फरक आहे तो सुटण्याच्या जाणिवेत. इलेक्ट्रॉनिकमधे पहिली स्टेज संपली की पुढचं तुटणं अगदी स्वच्छ, काच तुटल्यासारखं, आणि रोज तसंच. शिवाय मॉरिनीच्या इलेक्ट्रॉनिकवर ड्राय (छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव) करताना दर वेळी कॉक करावं लागत नाही, बोट सोडायचं आणि परत दाबायचं, घरी भिंतीसमोर रोज वीस मिनिटं ड्राय करणार्‍याला हा मोठा फायदा आहे, आणि माझ्या मते तुमचे पुढचे दहा मार्क त्या भिंतीसमोरच आहेत. मेकॅनिकलमधे लिव्हर थोडी उचलून परत सेट करावं लागतं, सवयीने होतं. चांगला मेकॅनिकल ट्रिगर पण इतका स्वच्छ असतो की डोळे बांधून दिलं तर मला दर वेळी ओळखता येईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

मग मेकॅनिकल का घ्यावं, तर बिघडलं तर काय हा प्रश्न आहे म्हणून. टोकियोला (ऑलिम्पिक २०२० चं, झालं २०२१ ला) मनूचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमधे बिघडलं, दुरुस्तीत बराच वेळ गेला, आणि ५७५ वर थांबून ती बाराव्या नंबरला आली, फायनलचा कटऑफ ५७७ होता. दोन मार्क. तिच्याबरोबर कोच होते, दुरुस्त करणारी माणसं होती, तरी असं झालं. तुम्ही नाशिकला, तुमच्या आसपास ते सर्किट उघडणारा कोण आहे? मुंबई-पुण्यात माणसं मिळतात, दिल्लीत मिळतात, पण सुट्टा भाग परदेशातून यायचा म्हणजे महिना-दीड महिना कुठे गेला नाही. मेकॅनिकलमधे बिघाड होत नाही असं नाही, पण बहुतेक वेळा ओ-रिंग बदलणं, स्क्रू घट्ट करणं, सफाई, एवढ्यावर भागतं, आणि ते तुम्ही स्वतः शिकू शकता. तेव्हा माझा कौल असा, दर महिन्याला कामानिमित्त मुंबईला जाणं होत असेल आणि तिथे खात्रीचा माणूस असेल तर इलेक्ट्रॉनिक बिनधास्त घ्या. नाहीतर मेकॅनिकल. इथे माझं मत चुकू शकतं, मी स्वतः मेकॅनिकलवाली आहे आणि बॅटरी संपण्याची मला उगाच धास्ती वाटते, हा माझा दोष धरून चाला.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, आधी ग्रिप, मग वजन, मग तुमच्या गावापासून दुरुस्ती किती लांब आहे ते, आणि मग कंपनीचं नाव. तुम्ही उलट्या क्रमाने निघाला होतात.

पैशांचं. अडीच लाखांत नवीन चांगलं मॅच पिस्तूल बसतं, भाव युरोबरोबर आणि ड्यूटीबरोबर हलतो त्यामुळे मी आकडा देत नाही, दोन-तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्या, त्यात ग्रिपची साइज, हवेचे सिलिंडर किती आणि त्यांची तारीख, आणि वॉरंटी कोण देणार हे लिहून घ्या. आयात, ड्यूटीची सवलत हे सगळं नेमबाजाच्या दर्जावर ठरतं, रिनाउन्ड शॉट (नॅशनलला ठरावीक स्कोअर करणार्‍यांना मिळणारा दर्जा) वगैरे, तुमच्या स्कोअरला ते बहुतेक अजून लागू होणार नाही, तरी स्टेट असोसिएशनमधे विचारा, नियम बदलत असतात. पण सगळे अडीच लाख पिस्तुलात घालू नका. आठवड्यात चार दिवस ऐंशी शॉट धरले तर महिन्याला तेराशे छर्रे जातात, म्हणजे पाचशेचे जवळपास तीन डबे, हे दर महिन्याला. नवीन पिस्तूल घेऊन छर्रे वाचवत बसणारे मी पाहिलेत, तो प्रकार म्हणजे गाडी घेऊन पेट्रोलसाठी रडणं. शूटिंगचे शूज सपाट तळाचे घ्या. आणि चाळिशी जवळ आलीये तर डोळे तपासून घ्या, आपल्याला टार्गेट नाही, फोरसाइट स्वच्छ दिसायला हवी, डॉक्टरांना हाताच्या लांबीवर स्पष्ट दिसेल अशी लेन्स द्या असं सांगावं लागतं, नाहीतर ते ड्रायव्हिंगचा नंबर देतात. मला स्वतःला त्या एका लेन्सने जेवढा फायदा झाला तेवढा नव्या पिस्तुलाने कधीच झाला नाही.

सेकंडहँड नको असं तुम्ही लिहिलंय, सेलिब्रेशनचं आहे म्हणून. समजू शकते. पण एक दार उघडं ठेवा, कारण खूप मुलं दहावी-बारावीला खेळ सोडतात आणि दोन वर्षं वापरलेली उत्तम पिस्तुलं निम्म्या-पाऊण किमतीत निघतात. बघायचं काय, तर मूळ बिल आणि त्यावरचा नंबर पिस्तुलावरच्या नंबरशी जुळतो का, आणि सिलिंडरची तारीख. सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरतात, त्यापुढचं मॅचमधे चालत नाही, नवं सिलिंडर घ्यायला चांगलेच पैसे पडतात, विकणारा हे सांगत नाही. भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा खाली आला असेल तर सील गेलंय.

हवेवरून आठवलं. सिलिंडरमधे २०० बार दाबापर्यंत भरायची, कोरडी हवा. हातपंपाने भरणार असाल तर पावसाळ्यात त्यातून पाणी आत जातं, फिल्टर लावा, आणि क्लबमधे डायव्हिंगचा मोठा सिलिंडर असेल तर त्यावरूनच भरा. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीही, म्हणजे कधीही भरायचा नाही, तेलाचा थेंब कुठे असेल तर स्फोट होतो. भरलेलं सिलिंडर उन्हात गाडीत ठेवायचं नाही.

आता कोरण्याबद्दल, जो तुमचा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न आहे. पिस्तुलाच्या बॉडीवर काही कोरू नका. नंबराच्या आसपास मशीन लागलं तर कायद्याचं झंझट, अ‍ॅनोडायझिंग उडतं, आणि पाच वर्षांनी विकायचं झालं तर तुमच्या सीएच्या तारखेचे कुणी पैसे देत नाही. ग्रिपवर पण नको, कारण ग्रिप तुम्ही घासणार आहात, घासलीच पाहिजे, कोरलेली असली की हात धजत नाही आणि मग दादाचा शर्ट कायमचा अंगावर. स्पेशल एडिशनचे सोनेरी, लाल-निळे रंग येतात, त्याला जास्त पैसे, आतलं यंत्र तेच. रंग आवडला तर जरूर घ्या, आनंदासाठीच घेताय, फक्त त्यामुळे स्कोअर वाढेल असं घरी सांगू नका. आमच्याकडे एका मुलीने नर्सिंगची नोकरी लागल्यावर पिस्तूल घेतलं तेव्हा तिच्या वडिलांनी, ते कासार आहेत, पितळेची छोटी पट्टी ठोकून दिली, नाव आणि तारीख, ती तिने केसच्या झाकणाला आतून बसवली. प्रत्येक वेळी केस उघडली की आधी ती पट्टी दिसते, मग पिस्तूल. नाशिकमधे तांब्या-पितळेच्या कारागिरांना काय तोटा, भद्रकालीत चक्कर मारा.

ती केस मात्र कुलपात. शोकेसमधे नाही, हॉलमधे नाही, पाहुण्यांना "हातात घेऊन बघा" तर अजिबात नाही, चेंबरमधे नारिंगी दोरी (पिस्तूल रिकामं असल्याची खूण) घातलेली असली तरी. छर्रे वेगळ्या कप्प्यात. मुलगा किती वर्षांचा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये पण सात-आठचा असेल तर त्याला एकदा तुमच्यासमोर क्लबात नेऊन दाखवा, लपवलेली वस्तू पोरं शोधतातच.

शेवटी करायचं काय. या रविवारी ऑर्डर देऊ नका. क्लबातल्या दोघा-तिघांकडे, किंवा स्टेटच्या मॅचला गेलात की तिथे, वेगवेगळी पिस्तुलं असतात आणि आपल्याकडची मंडळी विचारलं तर देतात, लाजू नका. प्रत्येकावर पूर्ण ६० शॉट मारा, निदान दोन वेगवेगळ्या दिवशी, आणि स्कोअर लिहू नका. लिहायचं ते एवढंच, कितव्या शॉटला हात पिस्तुलाकडे लक्ष द्यायला लागला, ग्रिप टोचली, खांदा भरला, फोरसाइट पळाली, काय असेल ते. ज्या पिस्तुलाच्या पानावर सगळ्यात कमी लिहिलेलं असेल त्याचं नाव मला इथे कळवा, सोबत उजव्या हाताची मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमधे, म्हणजे साइज सांगता येईल. आणि शेवटच्या दोन टार्गेटचे फोटो टाका, तुमचे नऊ कुठल्या बाजूला जातायत ते मला बघायचंय.